गाडीच्या एसीत डावीकडे थंड आणि उजवीकडे कोमट हवा: दोष गॅसचा, कॉम्प्रेसरचा की आतल्या फ्लॅपचा?

विदर्भवासी (नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे नऊ वर्षांची पेट्रोल सेडान आहे. तिच्यात स्वयंचलित हवामान नियंत्रण आहे, म्हणजे तापमानाचा आकडा ठरवून दिला की पंख्याचा वेग आणि हवेचा थंडपणा गाडी स्वतःच जुळवून घेते. संपूर्ण गाडीला एकच तापमान ठरवता येते. चालक आणि शेजारी यांच्यासाठी वेगळी सोय नाही. गेल्या मार्चपासून डावीकडच्या जाळीतून बऱ्यापैकी थंड हवा येते, पण माझ्या म्हणजे चालकाच्या बाजूने ती कोमटच राहते. सकाळी ऑफिसला निघताना त्रास कमी असतो. दुपारी बाहेर 43–44 अंश असताना सिग्नलवर थांबलो की उजवी जाळी जवळजवळ निरुपयोगी होते. याशिवाय इग्निशन चालू केल्यावर डॅशबोर्डच्या आतून आठ-दहा सेकंद टक्-टक् असा आवाज येतो आणि मग थांबतो.

तीन महिन्यांत दोन वेळा गॅस भरून घेतला. दोन्ही वेळा पाच-सहा आठवडे फरक जाणवला आणि पुन्हा तीच स्थिती झाली. आता एका गॅरेजचे म्हणणे आहे की कॉम्प्रेसर गेला, 28,000 रुपये लागतील. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की कूलिंग कॉइल गळते आहे, संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल आणि खर्च 30,000 च्या पुढे जाईल. दोघांपैकी कोणीही माझ्यासमोर काही मोजून दाखवले नाही. घरी वृद्ध आई-वडील आहेत आणि त्यांना दर पंधरवड्याला रुग्णालयात न्यावे लागते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी चैनीचा नाही. एवढा खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे मला स्वतःला कसे ओळखता येईल?

जुना एसी तंत्रज्ञ (पुणे)

आपण प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. वाहनांच्या एसीचे काम मी बरीच वर्षे केले आहे. सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू: एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद चक्रात फिरतो. रबरी नळ्यांमधून आणि सांध्यांमधून वर्षानुवर्षे थोडासा झिरपतो हे खरे, पण तीन महिन्यांत दोनदा गॅस लागतो याचा अर्थ गळती आहे, आणि ती न शोधता दोनदा गॅस भरला गेला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कमी दाबाच्या बाजूचा काटा 30–35 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) आला की गॅस भरला असे समजतात. ही पद्धत चुकीची आहे. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते आणि गॅस त्या वजनानेच भरायला हवा.

आता आपल्या लक्षणांकडे येतो. एकच तापमान असलेल्या गाडीत डावी-उजवी बाजू वेगळी लागणे हे गॅस कमी असल्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह म्हणजे गॅसचा दाब एकदम उतरवणारी अरुंद वाट; तिच्यातून आलेला द्रवरूप गॅस केबिनची हवा थंड करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्ये शिरताच उकळू लागतो आणि उकळताना भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेतो. गॅस पुरेसा नसेल तर तो कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच उकळून संपतो, पुढचा भाग कोरडा आणि कोमट राहतो आणि त्या भागातून जाणारी हवाही कोमटच बाहेर पडते.

मात्र टक्-टक् हा आवाज दुसरे काहीतरी सांगतो. कूलिंग कॉइलच्या पुढे हीटरची छोटी जाळी असते, तिच्यातून इंजिनाचे गरम पाणी सतत फिरते, आणि किती हवा त्या जाळीतून न्यायची हे एक फ्लॅप ठरवतो. स्वयंचलित गाडीत हा फ्लॅप एक छोटी मोटर फिरवते, जिला अॅक्च्युएटर म्हणतात. तिच्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाचा एखादा दात तुटला की नेमका असा आवाज येतो. फ्लॅप अर्धवट उघडा राहिला तर कॉइलने थंड केलेली हवा पुढे जाऊन पुन्हा तापते.

म्हणून मला आपल्या गाडीत दोन दोष एकत्र असण्याची शंका आहे. त्यांना वेगळे करण्याची पद्धत सोपी आहे, आणि तिच्यासाठी स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार डिजिटल थर्मामीटर पुरतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा, तापमान सर्वांत खालच्या ‘लो’ स्थितीवर ठेवा, हवा आत फिरवण्याचे बटण दाबा, पंखा मध्यम वेगावर ठेवा आणि पाच मिनिटांनी दोन्ही जाळ्यांचे तापमान लिहून घ्या. त्या वेळी इंजिन पुरते तापलेले नसते, त्यामुळे हीटरची जाळी फारशी गरम नसते. मग अर्धा तास गाडी चालवून तेच मोजमाप पुन्हा करा. पहिल्या मोजणीतच दोन बाजूंत मोठा फरक असेल तर गॅस कमी आहे. पहिल्यांदा थंड आणि इंजिन तापल्यावर कोमट अशी नोंद आली तर फ्लॅपमधून गरम हवा मिसळते आहे.

खात्री करण्यासाठी अजून एक चाचणी आहे. इंजिनाकडून केबिनकडे जाणाऱ्या हीटरच्या दोन रबरी नळ्यांपैकी एक नळी प्लास्टिकच्या जबड्याच्या क्लॅम्पने काही मिनिटे दाबून बंद करायची. उघडी पक्कड वापरू नका, नऊ वर्षांची नळी चिरते. आणि क्लॅम्प इंजिन थंड असतानाच बसवा. नळी बंद करून इंजिन तापेपर्यंत गाडी चालवल्यावरही डॅशबोर्डवरच्या जाळीतली हवा थंडच राहिली तर फ्लॅपचा दोष सिद्ध झाला. आणि हो, जाळीतून काळ्या स्पंजाचे बारीक कण उडून येतात का, तेही पाहा.

सर्किटवाला (नाशिक)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. स्वयंचलित प्रणालीत आणखी एक शक्यता असते, सेन्सरची, म्हणून थोडे लिहितो. ‘लो’वर ठेवून मोजायला सांगितले आहे त्यामागे कारण आहे. बहुतेक गाड्यांत ‘लो’ निवडल्यावर नियंत्रक केबिनच्या तापमानाचा हिशोब बाजूला ठेवतो आणि फ्लॅप पूर्ण थंडीच्या टोकाला नेण्याचा आदेश देतो. त्यामुळे ‘लो’वर हवा थंड आणि 23–24 अंशांवर ठेवताच कोमट होत असेल तर सेन्सर तपासावेत; ‘लो’वरही कोमटच असेल तर सेन्सर बहुधा निर्दोष आहेत.

केबिनचे तापमान मोजणारा सेन्सर डॅशबोर्डवरच्या एका बारीक जाळीमागे असतो आणि एका नळीतून केबिनची हवा त्याच्यावरून ओढली जाते. स्टिरिओ बदलताना ती नळी निसटली की सेन्सर डॅशबोर्डमागची कोंडलेली उष्ण हवा मोजत बसतो. बाहेरच्या हवेचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. सूर्यप्रकाशाचा सेन्सर काचेखाली डॅशबोर्डवर असतो आणि आपल्याकडे नेमकी तिथेच गणपतीची मूर्ती किंवा नॅपकिन ठेवलेला असतो. तो झाकला गेला की गाडीला ऊन कळत नाही. कॉइलवरचा सेन्सर कॉइल गोठू लागण्याआधी कॉम्प्रेसर थांबवतो. तो जागेवरून हलला तर कॉइलवर बर्फ जमतो आणि तास-दीड तासाने हवेचा झोतच मंदावतो. आपण असे लक्षण सांगितलेले नाही, म्हणून तो सध्या बाजूला ठेवू.

यांतले तापमानाचे सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतात, कारण तापमान वाढले की त्यांचा विद्युतरोध कमी होतो: मुठीत धरला की आकडा सावकाश उतरायला हवा. काही गाड्या स्वतःच दोष सांगतात. उदाहरणार्थ टोयोटाच्या अनेक गाड्यांत ‘ऑटो’ आणि हवा आत फिरवण्याचे बटण एकत्र दाबून धरून इग्निशन चालू केले की एसीच्या पडद्यावर क्रमांक दिसतात: 00 म्हणजे दोष नाही, 11 केबिनचा सेन्सर, 12 बाहेरचा, 13 कॉइलवरचा आणि 21 सूर्यप्रकाशाचा. अंधाऱ्या गॅरेजमध्ये ही तपासणी केली तर सेन्सर चांगला असूनही 21 दिसतो, त्यामुळे गाडी उन्हात उभी करून तपासावी. इतर बनावटीच्या गाड्यांची पद्धत वेगळी असते.

कोकणकिनारा (रत्नागिरी)

सिग्नलवर त्रास वाढतो असे आपण लिहिले आहे, म्हणून कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागात गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, पंखा फिरतो का ते अवश्य पाहावे. गाडी उभी असताना कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. दोन-तीन मिनिटांत थंडावा एकदम वाढला तर पंखा कमजोर आहे किंवा कंडेन्सरच्या पात्यांत माती भरली आहे. आमच्याकडे खाऱ्या हवेने कंडेन्सरची पाती पिठासारखी झडतात, ही अडचण आपल्याकडे नसावी.

विदर्भवासी (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी पहाटे मोजणी केली. बाहेर 31 अंश तापमान होते. ‘लो’वर पाच मिनिटांनी डावी जाळी 9 अंश आणि उजवी 15 अंश. वर्धा रस्त्याने अर्धा तास चालवून आल्यावर डावी 14 आणि उजवी 22. मग इंजिन थंड होऊ दिले, क्लॅम्प लावला आणि पुन्हा तितकाच वेळ चालवले: डावी 10, उजवी 16. म्हणजे नळी बंद केल्यावर आकडे जवळजवळ पहाटेच्या पातळीवर आले, पण दोन बाजूंतला सहा अंशांचा फरक तसाच राहिला.

पंखा फिरतो, पाण्याच्या फवाऱ्याने किंचितच फरक पडला. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिनच्या हवेचा फिल्टर काढून पाहिला, तो इतका माखलेला होता की बदलून टाकला. स्पंजाचे काळे कण येतात! वडील कित्येक महिने सांगत होते की जाळीतून काजळी उडते, आणि मी ती बाहेरची धूळ समजत होतो.

ओळखीच्या एका मिस्त्रींनी गेज (दाब मोजणारे काटे) लावून दिले. बाहेर 33 अंश असताना, इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर ठेवून, कमी दाबाच्या बाजूला 20 पीएसआय आणि जास्त दाबाच्या बाजूला 130 पीएसआय दिसले. गाडी बंद असताना मात्र दोन्ही काटे 105 च्या आसपास होते आणि ते पाहून मिस्त्री म्हणाले की गॅस भरपूर आहे. हे कसे समजावे?

जुना एसी तंत्रज्ञ (पुणे)

आपली नोंद वाचून समाधान वाटले. आता अंदाजाला जागा उरली नाही.

आधी बंद गाडीच्या दाबाबद्दल. या गाड्यांत आर-134ए हा गॅस असतो. नळ्यांत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी स्थिर दाब फक्त तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. 35 अंशांना तो सुमारे 114 पीएसआय असतो, मग आत 450 ग्रॅम असो की 200. घरातल्या सिलिंडरचा दाबही तो जवळजवळ संपेपर्यंत कळण्याइतका उतरत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे बंद गाडीचा काटा पाहून गॅस भरपूर आहे असे म्हणता येत नाही.

चालू गाडीचे आकडे मात्र बोलके आहेत. 33 अंशांना निरोगी प्रणालीत कमी बाजू साधारण 30 ते 40 आणि जास्त बाजू 175 ते 225 च्या दरम्यान असते. आपल्याकडे दोन्ही खाली आहेत, म्हणजे गॅस कमी आहे. कॉम्प्रेसर झिजला असता तर तो ओढायलाही कमी पडला असता आणि ढकलायलाही: कमी बाजूचा दाब वर गेला असता, जास्त बाजूचा खाली आला असता आणि दोन्ही काटे एकमेकांकडे सरकले असते. तसे झालेले नाही. आपला कॉम्प्रेसर चांगला आहे, तो बदलू नका.

इंजिन तापल्यावर डावीकडे पाच आणि उजवीकडे सात अंश वाढले आणि क्लॅम्प लावताच त्यांतले बहुतेक उतरले. फ्लॅपमधून गरम हवा मिसळते हे त्यावरून सिद्ध होते. काळे कण म्हणजे फ्लॅपच्या कडेला चिकटवलेला स्पंज, जो उष्णतेने भुसभुशीत होतो. तो चुरगळून बिजागरीत अडकला की फ्लॅप जड होतो, आणि जड फ्लॅप ढकलताना अॅक्च्युएटरचे दात तुटतात. म्हणून नवा अॅक्च्युएटर बसवण्याआधी फ्लॅपचा दांडा हाताने पूर्ण फिरवून पाहा. तो अडखळत असेल तर नवा भागही काही महिन्यांत तुटेल.

गळतीबद्दल माझा आग्रह आहे की डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी बाहेरचे सगळे सांधे तपासले जावेत. गॅसबरोबर तेलही बाहेर पडते आणि त्यावर धूळ बसून काळा ओलसर डाग तयार होतो. असा डाग कंडेन्सरच्या कोपऱ्यांत, नळ्यांच्या जोडांवर आणि गॅस भरण्याच्या तोंडाशी शोधा. कॉइलची चाचणीही डॅशबोर्ड न उघडता होते: हा गॅस हवेपेक्षा जड आहे, त्यामुळे गाडी आणि पंखा पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवून, एसीचे पाणी ज्या नळीतून खाली ठिबकते तिच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरला तर गळकी कॉइल लगेच उघडी पडते.

काम अशा ठिकाणी द्या जिथे गॅस काढून घेऊन त्याचे वजन दाखवणारे यंत्र आहे. आतला सगळा गॅस काढून घ्यायला सांगा, कारण दोनदा भरलेला गॅस कोणत्या दर्जाचा होता हे आता सांगता येणार नाही. स्वस्त डब्यांत ज्वलनशील मिश्रणे विकली जातात आणि ती केबिनमध्ये गळणे धोक्याचे आहे. गॅस हवेत सोडून देऊ देऊ नका. गळती बुजवणारे द्रव्य कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबवते. फक्त व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा काढून केलेली निर्वात स्थिती) टिकला म्हणून गळती नाही असे मानू नका. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेर फरक जेमतेम 14–15 पीएसआयचा असतो, प्रत्यक्षात ही प्रणाली 200 पीएसआयवर चालते. रेग्युलेटर लावून सुमारे 150 पीएसआयला नायट्रोजन भरायचा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे आणि अर्धा तास काटा पाहायचा, ही खरी परीक्षा. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आत शिरलेला ओलावा उकळून बाहेर पडतो.

मराठवाडामार्ग (लातूर)

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या गाडीत फ्लॅपचा असाच त्रास होता. मी हीटरच्या नळीत एक साधा तोटीचा व्हॉल्व्ह बसवून घेतला आणि तो कायम बंद ठेवला. चार उन्हाळे गेले, थंडावा उत्तम आहे आणि खर्च नाममात्र झाला. आपल्याकडे हीटर लागतो कुणाला?

घाटरस्ता (सातारा)

लातूरकरांच्या उपायाने उन्हाळा निभावतो हे मान्य, पण हीटर फक्त थंडीसाठी नसतो. पावसाळ्यात आंबेनळी किंवा पसरणी घाटात काच आतून धुरकटते तेव्हा एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर ती कोरडी हवा पुन्हा थोडी तापवतो, म्हणून काच पटकन स्वच्छ होते आणि आत बसलेले गारठत नाहीत. गाडीत वृद्ध माणसे असताना ही सोय गमावू नये. शिवाय काही इंजिनांत हीटरची नळी हाच पाणी फिरण्याच्या मार्गाचा भाग असतो. तिथे वाट नुसती बंद करणे बरे नव्हे, जाणारी आणि येणारी नळी एकमेकींना जोडून पाण्याला वळसा द्यावा लागतो.

विदर्भवासी (नागपूर)

काम पूर्ण झाले, म्हणून शेवटची नोंद करतो. गॅस काढून घेणारे यंत्र असलेल्या एका स्वतंत्र एसी कार्यशाळेत गाडी नेली. स्टिकरवर 450 ग्रॅम आहे आणि यंत्राने 240 ग्रॅम बाहेर काढला. गॅस काढण्याआधीच पाणी ठिबकण्याच्या नळीशी डिटेक्टर धरला होता. तो गप्प राहिला, म्हणजे कूलिंग कॉइल शाबूत आहे. नायट्रोजनने मात्र गळती लगेच दाखवली: कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, जाळीआड, खडा लागल्यासारख्या खुणेजवळ साबणाचे बुडबुडे सलग येत होते. तेलकट डागही तिथेच होता. बंपर न काढता तो दिसणे शक्यच नव्हते, आणि आधीच्या दोन्ही ठिकाणी कोणी बंपर काढलाच नव्हता.

कंडेन्सर बदलला, ओलावा शोषणारा ड्रायर त्यातच बसवलेला असल्याने तोही नवा झाला. सांध्यांच्या रबरी कड्या बदलल्या, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल 30 मिलिलिटर घातले, पाऊण तास व्हॅक्यूम ठेवला आणि वजनाने 450 ग्रॅम गॅस भरला. अॅक्च्युएटर चालकाच्या पायांच्या वर, तीन स्क्रूंनी बसवलेला निघाला. पांढऱ्या चाकाचे दोन दात तुटलेले होते. फ्लॅप खरोखरच जड फिरत होता. कारागिराने मोटरच्या जागेतून चिमट्याने स्पंजाचे तुकडे काढले आणि दांडा मोकळा झाल्यावरच नवी मोटर बसवली. नंतर गाडीला जोडायच्या स्कॅनरवरून फ्लॅपच्या फिरण्याची दोन्ही टोके नव्याने नोंदवली. एकूण खर्च 13,600 रुपये झाला.

काल दुपारी बाहेर 44 अंश असताना अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर डावी जाळी 10 आणि उजवी 11 अंश होती. वडिलांना रुग्णालयातून आणले तेव्हा वाटेत त्यांनी तापमान 22 वरून 25 करायला सांगितले.

एक शंका उरली आहे: पावसाळ्यात आणि थंडीत एसी कित्येक आठवडे बंद राहिला तर चालेल का?

जुना एसी तंत्रज्ञ (पुणे)

फार दिवस बंद ठेवू नका. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीच्या सीलला तेल फिरत्या गॅसबरोबरच पोहोचते, त्यामुळे आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तरी एसी चालवा. थंडीत काच स्वच्छ करण्याचे बटण दाबले तर बहुतेक स्वयंचलित गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो आणि तेवढ्यानेही काम होते. ऑक्टोबरात एकदा पहाटेची मोजणी पुन्हा करा. दोन जाळ्यांतला फरक दोन अंशांच्या आत राहिला तर नव्या कंडेन्सरचे सांधे घट्ट आहेत असे समजा. फरक वाढलेला दिसला तर गॅस भरून घेण्याआधी इथे आकडे कळवा.